जुन्या ट्रकचा उच्छ्वास

माझा एक पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. परमुलखात गेलेल्या माणसाला काही ना काही छंद जडतोच. याला जुन्या ट्रकचा जडला. ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खंबाटकीच्या घाटात धापा टाकत चढणारी मालमोटार येते. ती इथे मनात आणू नका. अमेरिकेत ट्रक म्हणतात ते पुढे दोघातिघांची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीलाही. आपण तिला पिकअप म्हणतो. शेतकरी, सुतार, गवंडी यांची ही गाडी. पुतण्याने घेतला तो १९७० सालचा शेव्हरोले सी-१०. बॉनेटखाली ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन. चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे.

हा ट्रक कारखान्यातून निघाला तेव्हा त्याला कार्ब्युरेटर होता. पुतण्याने तो काढून त्याच जागी इंजेक्शनचा संच बसवला. असे तयार संच तिकडे मिळतात. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, एक छोटा संगणक आणि धुराच्या नळीत बसवायचा एक सेन्सर, असा तो सगळा संसार. कडाक्याच्या थंडीतसुद्धा एका चावीत एंजिन सुरू होऊ लागले, स्वारी खूष झाली. मग आता एवढे केलेच आहे तर म्हणून त्याने मूळचे बिडाचे मॅनिफोल्ड काढले आणि चकचकीत हेडर बसवले. आणि तिथून ग्रह फिरले. गाडी उभी असताना काळा धूर, प्लगांवर काजळी, पेट्रोल भरमसाट. एका रात्री त्याचा फोन आला. "काका, तेलाची काडी ओढून पाहिली, तर तेल कमी व्हायचं सोडून वाढलंय. आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय."

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता चावीला हात लावू नकोस. गरजेपेक्षा जास्त आलेले पेट्रोल पुरते जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते. असे पातळ झालेले तेल बेअरिंगांना काय कामाचे? आणखी काही आठवडे हे चालले असते, तर पन्नास वर्षे तगलेले एंजिन त्याने आपल्या हाताने संपवले असते. आणि तेही ते अधिक चांगले करण्याच्या नादात.

दोष कुठे होता ते सांगतो, पण त्याआधी हेडर म्हणजे काय ते पाहू.

सिलिंडरात पेट्रोल जळून झाले की जळका वायू जाण्यासाठी झडप उघडते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. म्हणून वायू सावकाश वाहत येत नाही, तो धक्क्याने येतो. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड म्हणजे जाड भिंतींची एक आखूड पेटी. एका बाजूचे चारी सिलिंडर तिच्यातच आपला उच्छ्वास टाकतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी असते. थोडे अंतर गेल्यावर चारी नळ्या एका मोठ्या नळीत मिळतात. त्या संगमाला कलेक्टर म्हणतात. महसूल खात्याशी त्याचा संबंध नाही.

स्वतंत्र नळ्या कशाला हव्यात? आठ सिलिंडरांच्या एंजिनात दर पाव फेरीला एक स्फोट होतो. ते डावा-उजवा, डावा-उजवा असे आळीपाळीने झाले असते तर बरे होते. पण शेव्हरोलेच्या या एंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकडे डावीकडचे, सम आकडे उजवीकडचे. आता बघा, डावीकडे पाच आणि सात यांचे धक्के लागोपाठ येतात, आणि उजवीकडे आठ आणि चार यांचे. पाचाचा वायू अजून उंबऱ्यात आहे, तोच सात मागून रेटतो. एकाच अरुंद दारातून दोन वऱ्हाडे निघावीत तसा प्रकार. अमेरिकन व्ही-आठ एंजिनाचा जो गुडगुडाट सिनेमात ऐकू येतो, त्याचे मूळ या असमान अंतरांतच आहे. कानाला तो गोड लागतो, पण एंजिनाच्या दृष्टीने ती दारातली ढकलाढकली आहे. स्वतंत्र नळ्या दिल्या की दोन धक्क्यांची भेट लांबते.

दुसरा फायदा जरा सूक्ष्म आहे. धक्क्याची लाट नळीतून धावत कलेक्टरमध्ये पोचली, की तिथून कमी दाबाची एक लाट उलटी परत येते. ती नेमक्या वेळी झडपेपाशी पोचली, तर सिलिंडरातला उरलासुरला वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला मदत करते. नळी लांब असेल तर लाट उशिरा परतते, म्हणून तिचा उपयोग कमी फेऱ्यांवर होतो. नळी आखूड असेल तर जास्त फेऱ्यांवर. बाजारात 'शॉर्टी' म्हणून आखूड नळ्यांचे हेडर मिळतात. ते बसवायला सोपे खरे. पण ओझे वाहणाऱ्या ट्रकचे आयुष्य मिनिटाला दीड हजार ते साडेतीन हजार फेऱ्यांत जाते, आणि तिथे त्यांच्याकडून फार आशा करू नये. शेव्हरोलेच्या त्या काळातल्या काही एंजिनांवर मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले बिडाचे मॅनिफोल्ड येत. माझे मत विचाराल तर साध्या कामाच्या ट्रकला ते शॉर्टीपेक्षा उजवे. गळत नाहीत, गंजून भोके पडत नाहीत, आवाजही कमी.

आता नळीची जाडी. पुतण्याने घेतलेली नळी एक इंच सात सूत व्यासाची होती. दुकानदाराने सांगितले, "जितकी मोठी तितकी ताकद जास्त," आणि याने ते मानले. आपल्याकडे चुलीची फुंकणी पाहिलेल्या कोणत्याही बाईला यातली चूक कळेल. बारीक नळीतून फुंकर मारली तर निखारा पेटतो. तीच फुंकर बांबूच्या जाड नळकांड्यातून मारली तर राखसुद्धा हलत नाही. वायूचे प्रमाण तेच, पण वेग गेला. साध्या, न फुगवलेल्या ३५० च्या एंजिनाला एक इंच पाच सूत पुष्कळ झाले. पावणेदोन इंच घ्यावी ती कॅमशाफ्ट आणि हेड बदलून एंजिनाची ताकद खरोखर वाढवली असेल तर. पाच सुतांवरून सात सुतांवर गेले म्हणजे फक्त दोन सूत वाढले असे वाटते. पण आतले क्षेत्रफळ सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढते. ते शर्यतीच्या गाडीला शोभते. लाकडे भरून निघालेल्या ट्रकला चौकातून उठताना जी ओढ लागते, ती तिथेच हरवते.

इथपर्यंत जे सांगितले ते कार्ब्युरेटरच्या ट्रकलाही लागू आहे. इंजेक्शन आले की हेडरवर एक नवे काम येऊन पडते, आणि नेमके तेच हेडर निवडताना विसरले जाते. कार्ब्युरेटर हा आंधळा असतो. हवा किती आत चालली आहे तेवढे बघून तो पेट्रोल सोडतो. पुढे ते कसे जळले याची त्याला वार्ता नसते. इंजेक्शनच्या संगणकाला मात्र नाक असते. ते नाक म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला प्राणवायूचा सेन्सर. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारीत बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम आला, आणि पुढे तो जगभर पसरला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने, हे बरोबर जळण्याचे प्रमाण. धुरात प्राणवायू उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, उरला नसेल तर पुरेसे आहे किंवा जास्त झाले, असा हिशेब करून संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता समजा, हेडर आणि एंजिन यांच्या सांध्यात बारीकशी फट आहे. तुम्ही म्हणाल, फटीतून धूर बाहेर येईल, आवाज होईल, आणखी काय? पण दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी नळीतला दाब बाहेरच्या हवेच्याही खाली जातो, आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती सेन्सरपाशी पोचते. सेन्सरला प्राणवायूचा वास येतो. संगणक म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय, वाढवा. पेट्रोल वाढते, तरी फटीतली हवा येतच राहते. संगणक आणखी वाढवतो. विशेषतः गाडी उभी असताना, जेव्हा धूर थोडा असतो, तेव्हा ही फसगत जास्त होते. कार्ब्युरेटरच्या दिवसांत हीच फट असती, तर नुसती टिकटिक ऐकू आली असती आणि वर्षभर कोणी लक्ष दिले नसते.

पुतण्याच्या ट्रकमध्ये हेच झाले होते. मी विचारले, "सकाळी थंड एंजिन सुरू केलंस की टिकटिक ऐकू येते का?" म्हणाला, "येते, पण तापल्यावर बंद होते." धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून तो आवाज थांबतो. मग त्याला घरगुती उपाय सांगितला. एंजिन बंद आणि थंड असताना घर झाडायच्या व्हॅक्यूम यंत्राचे हवा बाहेर फेकणारे तोंड धुराच्या शेपटीला लावायचे आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारायचे. डावीकडच्या शेवटच्या सिलिंडरपाशी बुडबुडे आले. हेडरची फ्लँज, म्हणजे एंजिनाला चिकटणारी पट्टी, पातळ होती. उष्णतेने ती वाकली होती आणि तिथले गॅस्केट जळले होते.

म्हणून इंजेक्शनच्या ट्रकसाठी हेडर घेताना मी आधी नळ्या बघत नाही, फ्लँज बघतो. ती तीन सूत जाड असावी आणि सपाट असावी. दुकानातच तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. उजेड दिसला तर ठेवून द्यावे. गॅस्केट चांगल्या प्रतीचे घ्यावे. सांध्याला वाटेल ती सिलिकॉनची लुकण फासू नये, कारण काही लुकणींतून निघणारी वाफ सेन्सरला विषासारखी बाधते. डबीवर सेन्सरला अपाय नाही असे लिहिलेले असेल तीच घ्यावी. (पूर्वी पेट्रोलमधले शिसे सेन्सरचा असाच घात करी. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पुरते बंद झाले, आपल्याकडे २००० साली.) आणि बोल्ट एकदा आवळून भागत नाही. एंजिन तापवून, थंड होऊ देऊन, पुन्हा आवळावेत. पहिल्या काही दिवसांत दोनतीनदा तरी.

सेन्सरची जागा हा दुसरा मुद्दा. त्यासाठी नळीवर अठरा मिलिमीटर आट्यांचा एक कडा वितळवून बसवलेला असतो. तो कलेक्टरच्या पुढे हवा, म्हणजे चारी सिलिंडरांचा धूर मिसळून नाकाशी येतो. एकाच नळीवर बसवला तर सेन्सर एकाच सिलिंडरची हकिकत सांगतो, आणि संगणक बाकीच्यांना तोच न्याय लावतो. सेन्सर अगदी आडवा किंवा उलटा बसवू नये. तोंड खाली आणि शेपूट वर असे तिरपे हवे, नाहीतर थंड नळीत साचलेले पाणी त्यावर पडून तो फुटतो. धुराची नळी सेन्सरनंतर लगेच संपत असेल तर उघड्या टोकाकडून हवा उलटी येते, तेही वाईट.

ज्यांचा ट्रक मुळातच इंजेक्शनचा आहे त्यांना आणखी एक खोच माहीत हवी. जनरल मोटर्सच्या १९८७ नंतरच्या ट्रकांवर सेन्सर डाव्या बाजूच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्येच, एंजिनाच्या अगदी जवळ असे. त्याला एकच तार असे आणि स्वतःची शेगडी नसे. तो धुराच्या उष्णतेवरच तापे. सेन्सर सुमारे तीनशे अंश सेल्सियसवर गेल्याशिवाय कामच करत नाही. असा सेन्सर लांब नळ्यांच्या हेडरमध्ये खाली कलेक्टरपाशी नेला, की गाडी उभी असताना तो निवतो आणि संगणकाचे नाक चोंदते. तिथे शेगडी असलेला तीन तारांचा सेन्सर घालावा लागतो. शिवाय त्या गाड्यांना प्रदूषणाचे कायदे लागतात. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, त्यानंतरच्यांना नाही. आणि तिथे हेडरवर एअर रिसोर्सेस बोर्डाचा परवाना क्रमांक नसेल तर ते कितीही सुरेख असले तरी तपासणीत गाडी नापास.

या जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांतली एक गोष्ट मला फार आवडते. फोर्डचे ३०० घनइंचांचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे एंजिन १९६५ ते १९९६ पर्यंत चालले. १९८७ साली त्याला इंजेक्शन आले, तेव्हा कारखान्यानेच बिडाचा मॅनिफोल्ड दोन तुकड्यांत केला. पुढचे तीन सिलिंडर एकात, मागचे तीन दुसऱ्यात. या एंजिनाचा क्रम १-५-३-६-२-४. त्यामुळे पुढच्या तिघांचे धक्के सारख्या अंतराने येतात आणि मागच्या तिघांचेही. कुणी कुणाला रेटत नाही. आता जुने कार्ब्युरेटरचे फोर्ड ट्रक बाळगणारे लोकसुद्धा भंगारवाल्याकडे जाऊन हे दोन तुकडे शोधून आणतात. हेडरचा बराचसा गुण, आणि बिडाचा टिकाऊपणा. मोडीत गेलेल्या गाडीत इतका शहाणपणाचा भाग मिळावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

राहता राहिली अडचण जागेची. शेव्हरोले सी-१० मध्ये डाव्या बाजूला स्टिअरिंगचा डबा असतो, गाडीला हाताचा गिअर असेल तर क्लचची लोखंडी जोडणी तिथेच असते, आणि उजवीकडे खाली स्टार्टर. लांब नळ्या या सगळ्यांतून वाट काढत जातात. नळी स्टार्टरला खेटून गेली तर उन्हाळ्यात तापलेला स्टार्टर फिरायचे नाव घेत नाही. प्लग काढायला पाना शिरतो का, तेलाची काडी निघते का, सेन्सरची तार आणि पेट्रोलची नळी हेडरपासून हातभर लांब राहते का, हे बसवण्यापूर्वीच पाहावे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा शाफ्टही वाटेत येतो. त्या गाडीसाठी वेगळ्या घडणीचे हेडर असतात, तेच मागावेत. गळक्या सांध्यातून धूर बसायच्या जागेत शिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो; जुन्या ट्रकच्या फरशीला गंजून भोके पडलेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

क्रोमच्या मुलाम्याबद्दल काय बोलावे? दोन फेरफटक्यांत तो निळाजांभळा पडतो. नळ्यांना आतबाहेर सिरॅमिकचा लेप असेल तर उष्णता आत राहते आणि गंजही कमी चढतो. पैसे जास्त पडतात, पण ते सार्थकी लागतात. साध्या पोलादाच्या नळ्यांना कापडी पट्ट्या गुंडाळण्याची चाल आहे. त्या पट्ट्या ओल धरून ठेवतात. ओहायोत तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे पट्टीखाली नळीची चाळण व्हायला वेळ लागत नाही.

पुतण्याला मी बिडाचे शिंगवाले मॅनिफोल्ड घे म्हटले होते. त्याने मानले नाही. हेडरच हवे म्हणाला. तरुण माणूस आहे, त्यालाही हौस असायचीच. शेवटी तोडगा निघाला तो असा: एक इंच पाच सूत नळी, तीन सूत फ्लँज, लांब नळ्या, सिरॅमिकचा लेप, दोन्ही कलेक्टरांवर सेन्सरचा कडा, एकात सेन्सर, दुसऱ्यात आटेदार बूच. चेंबरमधले तेल आणि फिल्टर बदलले, प्लग नवे घातले, आणि संगणकाने चुकीचे शिकलेले सगळे पुसून त्याला पहिल्यापासून शिकू दिले. महिन्याभराने त्याने कळवले की संगणक आता मूळ हिशेबात दोनतीन टक्क्यांपलीकडे फेरफार करत नाही, आणि तेलाची काडी जिथे असायला हवी तिथे आहे. बोल्ट तीनदा आवळले, तेही आवर्जून सांगितले.

आता तो विचारतो आहे की हौद्याच्या तळाला पाइनच्या फळ्या घालू की ओकच्या. ते मात्र एखाद्या सुताराला विचार, म्हटले.